वजनावर घेतलेला हात

दारूखान्यात, साखळदंडांच्या ढिगाखाली तो पडला होता,
कोपरात वाकलेला, बकेट आभाळाकडे,
बकेटीत पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या.
याकूबशेठ म्हणाला, वजनावर घे.
काट्यावर चारशे दहा किलो भरला.
त्यातला चिखल किती, विचारलं,
तर म्हणाला, चिखलपण माझ्याच दुकानातला आहे.

आमची बॉबकॅट बुटकी. रुंद खांद्यांची.
ढकल, उचल, ओत, एवढंच तिला येतं.
खणायला लावली की नाक मातीत
आणि मागची चाकं हवेत, नमाजाला बसल्यासारखी.
कामं मात्र आता सगळी खणायचीच,
तीही अशा बोळांत
जिथं जेसीबी वळायच्या आधी भिंत वळते.

दुमिंगने फरशीवर खडूने दोघांची सोयरीक काढली:
इकडे लोडरची पाटी, तिकडे हाताचे कान,
एक इंचात बोलतं, दुसरं मिलिमीटरमध्ये.
मधली प्लेट जहाजाच्या पोटातून कापलेली,
वीस एमएम, एका बाजूला अजून लाल रंग.
कुठल्या पाण्यावरून आली असेल, मी म्हटलं.
दुमिंग काचेमागून म्हणाला, गॅस संपतोय, धर नीट.

पिन शिरेना.
तापवली, ठोकली, ग्रीस लावलं, शिवी दिली.
लेथवाली तोरसकरबाई बुश हातात फिरवत म्हणाली,
अर्धा सूत जास्त आहे,
आणि ते माझ्या लेथचं नाही, तुमच्या टेपचं.
संध्याकाळी बुश परत आला, कोमट, चहाच्या पेल्याएवढा.
पिन गेली.
एवढा साधा आवाज, की दोघांनी
पुन्हा काढून पुन्हा घातली.

नळ्यांचं वेगळंच.
लोडरला तोंडं दोन, व्हॉल्व्हला बारा.
परतीची लाइन आधी जोड, दुमिंग म्हणाला,
तेल गेलं आणि यायला वाट नसली
की सील फाटतं, आणि मग तू माझ्या नावाने रडशील.
जोडली.
चालू केलं.
दांडी उजवीकडे सारली, हात डावीकडे गेला.

चूक शोधायला वाकलो
तर जुन्या नटांवर रंगाचे ठिपके:
पिवळ्यासमोर पिवळा, पांढऱ्यासमोर पांढरा,
मुद्दाम उलट्या तोंडांवर.
कुणीतरी स्वतःसाठी लावून घेतलं होतं हे.
आणि त्याच दांडीवर एक मूठ,
पोराच्या सायकलची, गुलाबी,
एका बाजूने झिजून गुळगुळीत.

रात्रभर तसंच ठेवलं.
सकाळी नळ्या सरळ केल्या. धंदा आहे,
उद्या दुसरा ऑपरेटर बसेल, भिंत पाडेल.
मूठ काढली नाही. निघतच नव्हती,
असं मी दुमिंगला सांगितलं.

ट्रॉम्बे कोळीवाड्यात पहिलं काम.
बोळाच्या तोंडाशी बोंबलांची वलांडी,
चांगुणाबाईने ती आवरली, बडबडत,
एकेक जोडी उचलून, आम्हाला मोजत.
दोन्ही पाय फळ्यांवर टेकवले, यंत्र उचललं,
ते उभं राहिलं. चाकं डुगडुगली नाहीत.
किती खोल? तिने विचारलं.
साडेतीन फूट.
जपून. माझ्या सासऱ्याने नांगर पुरलाय तिथं.

दीड फूट. शहाबादीचे तुकडे.
अडीच. चपलेचा तळ.
साडेतीन. काळा चिखल, वर येणारं खारं पाणी,
बकेटीचे दात रिकामे.
बाई खड्ड्यात डोकावली, पदर नाकाला लावून.
मग पलीकडे असेल, म्हणाली,
आणि बोटाने जागा दाखवली,
जशी काही डिझेल तिच्या सासऱ्याने भरलं होतं.

पाइपवाले खोळंबले होते.
परतीच्या नळीतून तेल थेंब थेंब गळत होतं,
खाली पत्र्याचा डबा लावला.
मी गुलाबी मूठ धरून दांडी उजवीकडे सारली.
हात उजवीकडे गेला,
बाईच्या बोटाच्या दिशेने,
आणि क्षणभर मलाच ते चुकीचं वाटलं.